छोटा उदेपूरच्या डोंगरात तीन दिवस: बडोद्याहून पहिल्यांदा पायी जाणाऱ्यांसाठी

बडोद्याच्या माणसाला डोंगर म्हटलं की एकतर पावागड आठवतो, नाहीतर एकदम हिमालय. मधल्या डोंगरांकडे कोणाचं लक्षच जात नाही. शहरापासून पूर्वेला शंभर-सव्वाशे किलोमीटरवर छोटा उदेपूर आणि कवांटच्या पलीकडे मध्य प्रदेशच्या हद्दीपर्यंत टेकड्यांच्या रांगा पसरल्या आहेत. तिथे राठवा, नायका, भिल, तडवी, धाणक अशा आदिवासींची वस्ती आहे. २०१३ सालापर्यंत हा सगळा मुलूख बडोदा जिल्ह्यातच होता, तरी दांडियाबाजारातल्या किती मराठी घरांनी तो पाहिलाय हे विचारायची सोय नाही.

या डोंगरांना फारशी उंची नाही, आणि पहिल्यांदा जाणारा फसतो तो इथेच. टेकडी दोन-तीनशे मीटरची दिसते, म्हणून लोक सँडल घालून आणि एक लिटरची बाटली घेऊन निघतात. अकरा वाजता दगड तापतो, पळसाच्या झाडाची सावली हातरुमालाएवढी, आणि पाणी पुढच्या फळियात, म्हणजे पुढच्या वस्तीत. इथे दमवतं ते ऊन, पाणी आणि विखुरलेली घरं. शिवाय मुक्काम लॉजमध्ये नसतो, कोणाच्या तरी ओसरीवर असतो. त्यामुळे निम्मी तयारी पायांची करायची आणि निम्मी पाहुणा म्हणून वागण्याची.

खाली दोन रात्री, तीन दिवसांचा बेत धरला आहे: सहा ते आठ माणसं, पहिल्या दिवशी सहा-सात आणि नंतर रोज नऊ ते अकरा किलोमीटर चाल. पहिल्या खेपेला याहून जास्त करू नका.

गाव आलं म्हणजे पोचलो नव्हे

राठव्यांचं गाव आपल्या कल्पनेतल्या गावासारखं नसतं. चावडी, पार, एकाला एक लागून घरं असं काही नाही. प्रत्येकाचं घर स्वतःच्या शेतात, बहुतेक वेळा एखाद्या उंचवट्यावर. अशा पाच-पंचवीस घरांचं एक फळियुं आणि अशी अनेक फळियां मिळून एक गाव. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तीन-चार किलोमीटर सहज होतात, मध्ये एखादं कोतर, म्हणजे ओढ्याची घळ, ओलांडायची ती वेगळीच. वाटाड्या म्हणाला, ‘गाव आलं’, की लोक बाटलीतलं उरलेलं पाणी संपवून टाकतात आणि मग तासभर कोरड्या घशाने चालतात. म्हणून गावाचं नाव विचारून भागत नाही. मुक्काम कोणत्या फळियात, कोणाच्या घरी आणि तिथून हँडपंप किती लांब, हे तिन्ही आधी विचारा.

वेळेचंही तसंच. वाटाड्या सांगेल दोन तास, कारण तो दोन तासांत जातो. तुम्ही आपला हिशोब वेगळा ठेवा: पाठीवर पिशवी घेतलेला नवखा माणूस तासाला तीन किलोमीटर चालतो आणि दर शंभर मीटर चढाला दहा मिनिटं जास्त लागतात. दहा किलोमीटर आणि एकूण तीनशे मीटर चढ म्हणजे तीन तास वीस मिनिटं अधिक अर्धा तास. दर तासाला दहा मिनिटं बसणं धरलं की साडेचार तास झाले. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि डोंगराच्या कुशीत त्याआधीच अंधारून येतं. तेव्हा काहीही झालं तरी चारपर्यंत मुक्कामी पोचायचं, असाच बेत आखा.

केव्हा

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारी अखेरपर्यंत. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहा-बारा अंशांवर येतो, दुपार मात्र टोपीशिवाय निघत नाही. फेब्रुवारीच्या शेवटी केसुडा फुलतो, म्हणजे आपला पळस, आणि अख्खी टेकडी केशरी होते. डोळ्यांना सुख हवं असेल तर तो पंधरवडा गाठा, पण पाणी दीडपट घ्या.

मार्च-एप्रिलमध्ये महुडा, म्हणजे मोहाची फुलं, गळतो. घरातली लहान-थोर सगळी पहाटे अंधारात टोपल्या घेऊन झाडाखाली असतात. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा आधी जाळलेला असतो, त्यामुळे पायवाटांवर राख आणि हवेत धूर. यजमानांचे हे कमाईचे दिवस असतात, त्यांना तुमच्यासाठी वेळ नसतो. जाऊ नका.

पावसाळ्यात डोंगर हिरवेगार असतात, फोटो उत्तम येतात. पण कोतरात सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारी कमरेला लागतं. वर कुठे पाऊस पडला ते खाली दिसत नाही. शिवाय साप, मलेरिया, चिखल. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला बघा.

होळीचं वेगळं सांगायला हवं, कारण सगळ्यांना तेव्हाच जायचं असतं. होळीच्या आधीच्या आठवड्यात हाट-बाजारांना भगोरियाचं, म्हणजे होळीच्या जत्रेचं, रूप येतं आणि होळीनंतर तिसऱ्या दिवशी कवांटला घेरचा मेळा भरतो. मेळा जरूर पाहा, पण सकाळी जाऊन संध्याकाळी परत या. त्या दिवसांत डोंगरातली पदयात्रा ठेवली तर वाटाड्याच नाचायला गेलेला असतो, आणि ते योग्यच आहे.

आणखी एक गोष्ट बडोद्यात बसून लक्षात येत नाही. दिवाळीनंतर इथली पुष्कळ कुटुंबं मजुरीसाठी बाहेर पडतात: सौराष्ट्रात शेतीवर, सुरतेला, आणि बडोद्यातही. आपल्या सोसायटीच्या स्लॅबवर पाट्या वाहणारे हात बऱ्याचदा याच डोंगरातले असतात. त्यामुळे ऑक्टोबरमध्ये ‘या, या’ म्हणालेलं घर डिसेंबरात कुलूपबंद सापडू शकतं. निघण्याआधी आठ दिवस आणि पुन्हा आदल्या दिवशी, असं दोनदा फोन करून पक्कं करा.

वाटाड्या कसा निवडायचा

शहरातला ट्रेकलीडर आणि गावातला वाटाड्या ही दोन वेगळी कामं आहेत. गावातला माणूस नसेल तर जाऊच नका. शहरातला असला तर बरं, नसला तरी चालतं. आठ जणांमागे दोन वाटाडे हवेत, एक पुढे आणि एक सर्वांत मागे. मागचा फार महत्त्वाचा. पायवाटांना इतके फाटे फुटतात की बूट बांधायला थांबलेला माणूस दोन मिनिटांत भलत्या फळियाच्या वाटेला लागतो.

ओळख नसेल तर तेजगढपासून सुरुवात करा. तिथे आदिवासी अकादमी आहे, तिचं संग्रहालयही पाहण्यासारखं आहे. गावाजवळच्या कोराज टेकडीवर प्राचीन शैलचित्रं आहेत. एक दिवस नुसता तिकडे जाऊन या, माणसांशी बोला. पहिल्या फेरीत ओळख आणि दुसऱ्या फेरीत पदयात्रा, हा क्रम सगळ्यात चांगला. छोटा उदेपूरला शनिवारी हाट असतो आणि कवांटला सोमवारी. हाटाच्या दिवशी डोंगरातला बहुतेक प्रत्येक माणूस खाली उतरतो, त्यामुळे वाटाड्याला समोरासमोर भेटून बोलायचं तर तोच दिवस. पण पदयात्रेचा मधला दिवस हाटाचा येऊ देऊ नका, घरं रिकामी असतात.

वाटाड्याला विचारायचे प्रश्न थोडेच. वाटेत पाणी कुठेकुठे आहे आणि आत्ता त्यात पाणी आहे का? गाडी येऊ शकेल असा रस्ता प्रत्येक मुक्कामापासून किती लांब? मोबाईल कुठल्या टेकडीवर लागतो? सरपंचांना कळवलंय का? वाटेत जंगलखात्याची हद्द येते का? जांबुघोडा किंवा शूलपाणेश्वर अभयारण्याचा भाग लागत असेल तर वनखात्याची परवानगी आधी घ्यावी लागते, ‘बघू तिथे’ चालत नाही. या पाचांपैकी तिनांची उत्तरं ‘काळजी नको’ अशी आली तर दुसरा माणूस शोधा.

पैशाचं बोलणं पहिल्याच भेटीत करा. वाटाड्याचा रोज, मागच्या माणसाचा रोज, घरच्यांना माणशी-मुक्कामी किती, आणि जीप, हे चार आकडे वेगवेगळे ठरवा आणि कागदावर लिहा. ‘सगळं मिळून एवढे’ असं ठरलं की घरातल्या बाईच्या हाती काही पडत नाही, आणि आठ माणसांच्या भाकऱ्या थापणारी तीच असते. दराबद्दल आमचं मत सरळ आहे. बडोद्यात बांधकामावर त्या माणसाला जो रोज मिळतो त्याच्या दीडपटीहून कमी देऊ नये. निम्मे आधी, निम्मे शेवटच्या दिवशी, आणि तेही रोख. डोंगरात क्यूआर कोड असला तरी नेटवर्क असेलच असं नाही. शंभराच्या आणि पन्नासाच्या नोटा न्या.

पायांची तयारी

बडोदा सपाट आहे. कमाटीबागेत कितीही फेऱ्या मारल्या तरी उताराला लागणारे मांडीचे स्नायू तयार होत नाहीत, आणि गुडघे दुखतात ते चढताना नव्हे, उतरताना. चार आठवडे धरा. पहिले दोन आठवडे, आठवड्यातून चार दिवस, पाऊण तास भरभर चालायचं आणि नंतर सोसायटीचे पाच मजले चार वेळा चढून-उतरून यायचं. लिफ्टने खाली यायचं नाही, खरा व्यायाम तोच. तिसऱ्या आणि चौथ्या रविवारी पावागड: माचीपासून पायऱ्यांनी वर आणि पायऱ्यांनीच खाली, पाठीवर पाच किलो वजन घेऊन. रोपवेचं तिकीट काढलं तर तो रविवार हिशोबात धरू नका.

बूट याच चार आठवड्यांत पायाला बसवायचे. नेहमीच्यापेक्षा अर्धा नंबर मोठे घ्या, संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असताना घालून बघा. उतारावर अंगठा पुढे आपटला की दोन दिवसांत नख काळं पडतं. नवा बूट आदल्या दिवशी आणून घालणारा माणूस प्रत्येक गटात एक तरी निघतोच.

पाठीवर काय

एकूण वजन पाण्यासकट सात किलोच्या आत. पाणीच तीन लिटर, म्हणजे तीन किलो. राहिलेल्या चार किलोंत बाकी सगळं. अंगावरचे सोडून कपड्यांचा एकच जोड, पूर्ण बाह्यांचा आणि पूर्ण लांबीचा. काटेरी झुडपं, ऊन आणि लोकांची घरं, तिन्हींसाठी हाच पोशाख योग्य. मोज्यांचे तीन जोड. पहाटेसाठी स्वेटर आणि कानटोपी, दुपारसाठी रुंद कडेची टोपी. डोक्याला लावायची बॅटरी, कारण रात्री एक हात मोकळा लागतो. पॉवरबँक. आधारकार्डाची झेरॉक्स. पातळ चादर किंवा स्लीपिंग बॅग. आणि चारी कडा गादीखाली खोचता येतील एवढी मोठी मच्छरदाणी. ती का, ते पुढे येईल.

खाऊच्या बाबतीत बडोदेकर हळवा असतो. लिलो चेवडो नेऊ नका. तो ओलसर असतो, उन्हात बॅगेत लवकर बिघडतो. खाकरा, गूळ-शेंगदाणे, चिक्की, भाजलेले चणे, खारीक टिकतात. माणशी रोज मूठभर शेंगदाणे आणि सुपारीएवढे गुळाचे दोन खडे. गटासाठी वीस लिंबं, पाव किलो चहा, दीड किलो साखर आणि दूध पावडर. ही चहा-साखर आठ पाहुणे आणि दोन वाटाड्यांसाठी तीन दिवस पुरते, यजमानांचा चहाही त्यातच निघतो. खंडेराव मार्केटमधून लिंबं आदल्या दिवशीच घ्या.

औषधांत जलसंजीवनीची पाकिटं माणशी चार. संपली तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. मिठाचं प्रमाण वाढलं तर उलट त्रास होतो, म्हणून ‘अंदाजे’ करू नका. याशिवाय चिकटपट्टी, कापूस, जंतुनाशक मलम, तापाची गोळी आणि ज्याची त्याची नेहमीची औषधं.

पाणी हँडपंपाचं घ्या, कोतराचं नको. हँडपंपाचंही उकळून किंवा क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबून प्या. या पट्ट्यात फ्लोराईड हा जुना प्रश्न आहे. कवांटजवळ आंबाडुंगरला फ्लोरस्पारची, म्हणजे फ्लोराईडच्या खनिजाची, खाण आहे, म्हणजे जमिनीतच ते आहे. उकळल्याने ते जात नाही. तीन दिवसांत तुम्हाला त्याने काही होणार नाही. जन्मभर तेच पाणी पिणाऱ्यांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग दिसले तर मात्र ‘दात घासत नाहीत’ असा शेरा मारू नका.

पहिला दिवस

बडोद्याहून दोन वाटा. प्रतापनगर स्टेशनवरून डभोई, बोडेली करत छोटा उदेपूरला जाणारी गाडी, किंवा एस.टी. डभोईचं नाव आलं म्हणून सांगायचं, १८६२ साली गायकवाडांनी डभोई ते मियागाम ही अरुंद रुळांची लाईन टाकली तेव्हा डबे बैल ओढत असत. आताची छोटा उदेपूरची लाईन ब्रॉडगेज आहे. गाडीची वेळ आदल्या दिवशी तपासा, कारण दुपारी पोचवणारी गाडी पदयात्रेच्या कामाची नाही. साडेनऊपर्यंत शेवटच्या गावी उतरायचं असेल तर भल्या पहाटे निघून सरळ जीप करणं सोयीचं पडतं.

छोटा उदेपूरच्या आसपास डोलोमाईटच्या खाणी आणि दगड दळायचे कारखाने आहेत. रस्त्याकडेची झाडं पांढरी दिसतात ती त्या भुकटीमुळे. हा पट्टा चालायचा नाही, तुफान नावाच्या प्रवासी गाडीने किंवा जीपने ओलांडायचा आणि डांबरी रस्ता संपतो तिथून पायी निघायचं.

पहिला तास मुद्दाम हळू. बोलता बोलता दम लागत असेल तर वेग जास्त आहे. अर्ध्या तासानंतर पहिला थांबा फक्त बुटांसाठी: मोजे काढून टाच आणि अंगठ्याची कड बघा. लाल, गरम जागा दिसली की तिथेच चिकटपट्टी लावा. अजून दुखत नाही म्हणून पुढे गेलात तर तासाभरात फोड आणि उद्या लंगडणं. फोड आलाच तर फोडू नका, भोवती कापसाची चकती ठेवून वरून पट्टी लावा.

पाणी दर वीस मिनिटांनी दोन-तीन घोट. लघवी गडद पिवळी झाली की मागे पडलात असं समजा. डोकं दुखतंय, घाम थांबलाय आणि बोलणं विसंगत येतंय अशी अवस्था झाली तर माणसाला सावलीत आडवं करा, कपडे भिजवा, वारा घाला आणि वाटाड्याला गाडी बोलवायला धाडा. हा साधा थकवा नव्हे. अकरा-साडेअकरापासून तीनपर्यंत एखाद्या आंब्याखाली किंवा कोणाच्या ओसरीवर थांबायचं आणि उरलेले दोन-तीन किलोमीटर नंतर. पहिल्या दिवशी निघायलाच उशीर होत असल्याने चाल सहा-सात किलोमीटरचीच ठेवा आणि साडेअकराच्या आत निम्म्याहून जास्त संपवा.

वाटेत झाडाखाली मातीचे लहान घोडे मांडलेले दिसतील. कोणाचा पाय मोडलेला, कोणाचं तोंड गेलेलं, काही नवेकोरे, काही पावसाने विरघळत चाललेले. ते देवाला वाहिलेले नवसाचे घोडे. मोडका आहे, पडूनच आहे, म्हणून आठवण म्हणून उचलू नका. चपला बाजूला काढून लांबून बघा, आणि फोटो वाटाड्याला विचारूनच.

घरात शिरताना

अंगणाच्या कडेला थांबा, ‘राम राम’ म्हणा आणि बोलावल्यावर ओसरीत जा. बूट बाहेर. खाट पुढे केली तर बसा. पाण्याचा लोटा येईल, तोंड न लावता वरून प्या. ज्यांना जमत नाही त्यांनी आपला पेला पुढे करावा. भाषेची फार अडचण येत नाही. बडोद्याच्या मराठी माणसाला गुजराती येतेच आणि इथले पुरुष, शाळकरी मुलं ती बोलतात. वयस्क बायका मात्र पुष्कळदा राठवीच बोलतात. काही शब्द ओळखीचे वाटले तरी सगळं कळलं असं समजू नका, वाटाड्याला विचारा.

पोरांना गोळ्या-चॉकलेटं आणि सुटे पैसे वाटू नका. एका गटाने वाटले की पुढच्या गटाच्या मागे पोरं हात पसरून धावतात आणि त्यांच्या आईबापांना ते आवडत नाही.

आतल्या भिंतीवर घोड्यांच्या रांगा रंगवलेल्या दिसल्या तर तो पिठोरो. याला ‘वारलीसारखं चित्र’ म्हणू नका. राठव्यांसाठी तो देव आहे. घरात आजारपण आलं, जनावरं दगावली, पीक गेलं की बडव्याकडे, म्हणजे त्यांच्या पुजाऱ्याकडे, जातात, त्याच्या सांगण्यावरून पिठोऱ्याचा नवस बोलतात आणि ऐपत जमल्यावर तो फेडतात. ओसरी आणि आतली खोली यांमधली भिंत त्याची. कुमारिका ती शेणाने आणि पांढऱ्या मातीने सारवतात. रंगात दूध आणि महुड्याची दारू घालतात. रंगवणारा तो लखारा, म्हणजे लिहिणारा. पिठोरो काढत नाहीत, लिहितात. भिंतीला हात लावायचा नाही, टेकून बसायचं नाही, फ्लॅश मारायचा नाही. बॅग भिंतीला लावून ठेवणं ही सर्वांत जास्त होणारी चूक. पाठीवरची पिशवी उतरवली की आपला हात आपोआप भिंतीकडेच जातो. ती ओसरीच्या खांबाला टेकवा. कोणाला पिठोरो विकत हवा असेल तर कापडावर किंवा कागदावर लिहून देणारे लखारे आहेत, त्यांच्याकडून रीतसर घ्या. या कलेसाठी छोटा उदेपूरच्या परेश राठवांना २०२३ साली पद्मश्री मिळाली.

जेवण आणि पेय

मक्याचा रोटला, उडदाची डाळ, लसूण-मिरचीची चटणी. कुठे पानियां मिळतील: मक्याचं पीठ मळून खाखऱ्याच्या, म्हणजे पळसाच्या पानांत दाबायचं आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजायचं. पान करपून सुटतं आणि त्याच्या शिरा रोटीवर उमटलेल्या राहतात. वरून डाळ आणि तेल. गव्हाची सवय असलेल्या पोटाला मका जड जातो, पहिल्या रात्री दीड रोटल्यावर थांबा.

शाकाहारी असाल तर ते वाटाड्याला फोनवरच सांगा आणि पोचल्यावर पुन्हा सांगा. पाहुणा आला की कोंबडी कापायची रीत आहे. कापून झाल्यावर ‘आम्ही खात नाही’ म्हणणं म्हणजे त्या घराचं नुकसान आणि अपमान, दोन्ही.

महुड्याची दारू आणि ताडी पुढे केली जाईल. इथल्या देवकार्यातही तिला जागा आहे. पण गुजरातेत दारूबंदी आहे आणि तुम्ही पाहुणे म्हणून गेलात तरी कायदा तुमच्याबरोबर येतो. शिवाय घरी गाळलेल्या दारूत काय उतरलंय ते चाखून कळत नाही. हात जोडून ‘आम्हाला चालत नाही’ म्हटलं की कोणी आग्रह धरत नाही. आपल्या गटातला कोणी विकत मागायला लागला तर त्याला तिथेच थांबवा, अडचणीत यजमान येतो.

रात्र

मच्छरदाणीची गोष्ट आता. मलेरियाचे डास आहेतच, पण मुख्य कारण मण्यार. हा साप रात्री फिरतो, उंदरामागे घरात येतो आणि जमिनीवर झोपलेल्याला चावतो. चावा मुंगीसारखा वाटतो, सूज फारशी येत नाही, माणूस कूस बदलून पुन्हा झोपतो. सकाळी पापण्या जड, गिळता येत नाही. म्हणून खाटेवर झोपा. खाट नसेल तर मच्छरदाणीच्या चारी कडा गादीखाली नीट खोचा. नुसती वरून सोडलेली मच्छरदाणी सापाला अडवत नाही. रात्री उठताना आधी बॅटरी, मग पाय. सकाळी बूट उलटे करून आपटा, विंचू आत शिरलेला असू शकतो.

साप चावलाच तर घट्ट दोरी बांधायची नाही, चिरा द्यायचा नाही, चोखायचं नाही. अंगठी, कडं, घड्याळ काढा. हात किंवा पाय काठीला बांधून हलणार नाही असा ठेवा, माणसाला चालू न देता खाटेवरून रस्त्यापर्यंत न्या, आणि १०८ ला फोन. सापाला मारण्यात, त्याचा फोटो काढण्यात वेळ घालवू नका. कोणी भगताकडे न्यायचं म्हटलं तर वाद घालत बसू नका, त्याला गाडीत बरोबर घ्या आणि गाडी सरकारी रुग्णालयाच्या दिशेने हाका. फोन लागणारी टेकडी कोणती, हे संध्याकाळीच पाहून ठेवलेलं असलं पाहिजे.

शौचालय काही घरी असतं, काही घरी नसतं. बाहेर जायचं तर छोटं खुरपं घेऊन, पाण्यापासून साठ मीटर लांब, वीतभर खोल खड्डा आणि वर माती. सॅनिटरी पॅड, वाइप्स, प्लास्टिक सगळं वर्तमानपत्रात गुंडाळून झिपच्या पिशवीत बडोद्याला परत. चुलीत टाकायला सांगू नका, चूल स्वयंपाकाची असते.

नर्मदेकडे उतरायचं असेल तर

कवांटच्या दक्षिणेला डोंगर हाफेश्वरपाशी नर्मदेला भेटतात. सरदार सरोवराचं पाणी वाढल्यावर तिथलं जुनं देऊळ बुडालं. दुसऱ्या दिवशीचा मुक्काम इकडे ठेवणारे बरेच असतात, जागा देखणी आहे. पण पाण्याची पातळी कमी-जास्त होते आणि उघड्या पडलेल्या काठाचा चिखल वरून वाळलेला, आत लिबलिबीत असतो. वाटाड्या जिथे पाय ठेवेल तिथेच ठेवा. पोहू नका. विश्वामित्रीच्या काठी राहणाऱ्यांना मगरी काय ते सांगायला नको, त्या इथेही आहेत. होडीत बसायचं तर प्रत्येकाला लाईफ जॅकेट आणि ते बांधलेलं. जॅकेट नसेल तर होडी नाही. जानेवारी २०२४ मधली हरणी तलावात होडी उलटल्याची दुर्घटना बडोद्याला कोणी समजावून द्यायची गरज नाही.

परत निघताना

तिसऱ्या दिवशी चाल सकाळीच संपवा, अकरापर्यंत गाडीरस्त्याला लागा. दुपारनंतर जीप भरल्याशिवाय सुटत नाही आणि भरली की टपावरही माणसं असतात, त्यामुळे परतीची गाडी आधीच सांगून ठेवलेली बरी. घरातल्या बाईचे पैसे तिच्याच हातात द्या, वाटाड्यासमोर. उरलेली साखर, चहा, लिंबं तिथेच ठेवा. जुने कपडे मात्र गाठोडं बांधून नेऊ नका, कोणी मागितलेले नसतात.

फोटो काढले असतील तर त्यांच्या प्रती छापून पाठवा. लोक फोनवर बघतात आणि विसरतात, पण छापलेला फोटो ओसरीच्या खांबावर वर्षानुवर्षं राहतो. टपालाने पाठवायचा तर फळियाचा पत्ता नीट लिहिता येत नाही. त्यापेक्षा वाटाड्याला फोन करून शनिवारी छोटा उदेपूरच्या हाटात गाठा आणि प्रत्येक फोटोच्या मागे घराचं नाव लिहून पाकीट त्याच्या हातात द्या.